हात थरथरतो म्हणून

धाकट्या भावाला किडनी द्यायचं ठरलं तेव्हा ताईने कुणाचं म्हणून ऐकून घेतलं नाही. शाळेची बस चालवणारी बाई ती. आडवं येणाऱ्याला हॉर्न वाजवून बाजूला करायची सवय. नवऱ्याने नाना शंका काढल्या, सासूबाई फुरंगटून बसल्या, पण हिचं एकच, "माझा भाऊ आहे. मी देणार." ऑपरेशननंतर पुन्हा कामावर गेली तेव्हा ते मोठं स्टिअरिंग वळवताना कुशीत कळ यायची. ओठ घट्ट मिटून ती गाडी वळवायची आणि मागे पोरांचा दंगा चालू असायचा.

भावाचं केस कापायचं दुकान होतं. डोक्यावर टक्कल पडायला लागलं तरी घरात तो बारक्याच. शरीराने नवी किडनी परकी समजून नाकारू नये म्हणून त्याला सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्यायच्या होत्या, जन्मभर. तो आईजवळ राहायचा. ताई अधूनमधून तिकडे गेली की आधी औषधांचा डबा उघडायची. गोळ्यांची पाकिटं वेळच्या वेळी रिकामी होत होती. मग ती निवांत चहा प्यायची.

म्हणूनच बारक्याचं तोंड सुजलं, लघवी कमी झाली आणि त्याला हॉस्पिटलात ठेवावं लागलं, तेव्हा ती डॉक्टरीणबाईंवरच उखडली.

"रक्तात औषध जवळजवळ सापडतच नाहीये," बाई म्हणाल्या. "शरीराने किडनी नाकारायला सुरुवात केलीय. गोळ्या चुकतात का?"

"चुकतील कशा? मी स्वतः बघते ना! तुमच्याच तपासणीत घोळ असेल, नाहीतर गोळ्या बनावट असतील. माझ्या भावावर उगाच आळ घेऊ नका."

शेजारच्या खाटेवरचे लोकही वळून बघायला लागले. बारक्याने भिंतीकडे तोंड केलं. आई पायथ्याशी बसली होती. ती चष्मा काढून पुसत हळूच म्हणाली, "सांगून टाक रे आता."

ताईला आधी कळलंच नाही. तिने आईकडे बघितलं, मग भावाच्या पाठीकडे.

"हात थरथरायचा गं," तो भिंतीशीच बोलला. "गोळ्यांनी. एका गिऱ्हाईकाच्या गालाला वस्तरा लागला. चारचौघांत बोलला तो मला. मग सकाळची गोळी सोडून बघितली, तर हात ताळ्यावर आला. मग संध्याकाळचीही सोडली. काही झालं नाही, म्हटलं, मानवली आपल्याला किडनी."

"आणि ती पाकिटं?"

उत्तर आईने दिलं. "मीच गोळ्या काढून मोरीत टाकायचे. तू डबा बघायचीस ना."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हात थरथरतो एवढंच सांगायचं होतंत. मात्रा कमी केली असती, औषध बदललं असतं. पुष्कळांना होतं असं."

ताई उठली आणि बाहेर जाऊन बाकावर बसली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. मोरीत गोळ्या टाकणारा आईचा हात तेवढा डोळ्यांपुढून हलेना. बाहेरच्या खोलीत आपण आरामात चहा पीत होतो, आणि आत या दोघांना ठाऊक होतं.

डॉक्टरांनी तातडीने इंजेक्शनं सुरू केली, औषध बदललं, पण उशीर झाला होता. किडनी गेली. बारक्या पुन्हा डायलिसिसच्या मशीनला लागला. ताई त्याला भेटायला गेली नाही. त्याचा फोन आला की नवरा घ्यायचा.

एका दुपारी आई जिने चढून धापा टाकत आली. ताईने पाणी दिलं, पंखा लावला. आई म्हणाली, "किती दिवस अबोला धरणार? रडतो गं तो. तुझाच भाऊ आहे."

"त्याचं सोड. तो घाबरला होता. तू का केलंस?"

"पोराचा हात असा लटलट हलताना बघवत नव्हतं. आई आहे मी त्याची."

"आणि माझी?"

आई ग्लासातलं उरलेलं पाणी प्यायली. मग आई निघाली. जिन्यातला दिवा गेला होता, म्हणून ताईने तिचा हात धरला आणि एकेक पायरी करत तिला खाली नेलं. फाटकापाशी आईने तिच्या गालाला लावायला हात पुढे केला, तेव्हा मात्र ताई मागे सरली. "रिक्षा बघते," म्हणाली आणि रस्त्यावर गेली.