पांढऱ्या शर्टाची तक्रार

आमच्या लाँड्रीत सासऱ्यांनी घालून दिलेला एक नियम आहे. कपडा आमच्या हातून खराब झाला, तर गिऱ्हाइकाने तक्रारवहीत स्वतःच्या अक्षरात लिहायचं: काय बिघडलं, कशामुळे बिघडलं. खाली सही करायची. मग आम्ही घासाघीस न करता किंमत भरून द्यायची. "खराब करणाऱ्याने भरायचं, यात चर्चा कसली?" असं ते म्हणायचे. ते गेले, वही राहिली. तीस वर्षांत तिची निम्मी पानंसुद्धा भरलेली नाहीत.

सासऱ्यांची कधी कारखान्याशी गाठ पडली नाही, म्हणून त्यांना असं म्हणता आलं. तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीमागच्या कारखान्याने खड्डे खणून त्यात सांडपाणी सोडायला सुरुवात केली आणि सहा महिन्यांत आमच्या बोअरिंगचं पाणी नासलं. बादलीत पडताना ते स्वच्छ दिसतं, तासाभरात पिवळं होतं. त्या पाण्याने जाऊबाईंच्या हातांची वाट लावली. भिजवायचं आणि धुवायचं काम पहिल्यापासून त्यांचं. आता त्यांच्या बोटांची सालं निघतात, स्वतःची वेणी स्वतःला घालता येत नाही, माझ्याकडून घालून घेतात.

पांढऱ्या कपड्यांसाठी मी टँकरचं पाणी विकत घेते. सगळ्या कपड्यांना ते परवडत नाही. शेवटी गल्लीतल्या एकवीस घरांनी सरकारी कार्यालयात अर्ज केला, की पाणी ज्यांनी नासवलं त्यांनी ते साफ करून द्यावं आणि औषधपाण्याचा खर्चही करावा. कारखान्याचं उत्तर आलं: 'सदर परिसरातील पाणी कपडे धुण्यास व घरगुती वापरास पूर्णपणे योग्य आहे.' खाली मॅनेजरसाहेबांची सही. कार्यालयातल्या अधिकाऱ्याने विचारलं, तुमच्याकडे लेखी पुरावा काय? जाऊबाईंनी दोन्ही हात पुढे केले.

"हे लेखी नाही, बाई," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत काहीतरी कागद आणा, नाहीतर मला अर्ज बंद करावा लागेल."

तेव्हा माझ्या तळपायाची जी आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

आणि गुरुवारी एका ड्रायव्हरने पिशवी आणून काउंटरवर टाकली. साहेबांची नेहमीची लाँड्री बंद होती म्हणे. पावतीवर नाव लिहायला त्याने साहेबांचं कार्ड दिलं. मी ते दोनदा वाचलं. उत्तरावर ज्यांची सही होती, तेच हे साहेब.

पिशवीत एकच शर्ट होता. पांढरा, भारीतला, एकदाच घातलेला. जाऊबाई टँकरच्या पिंपाकडे वळल्या.

"थांबा," मी म्हटलं. "याला बोअरिंगचं."

"अगं, वाटोळं होईल त्याचं."

"कसं होईल? पाणी योग्य आहे, त्यांनीच लिहून दिलंय."

"मग तूच भिजव बाई. माझे हात भरून पावले."

मी भिजवला. दिवसभर भिजवला. साळसूदपणाचा आव मी आणणार नाही, मला तो शर्ट पिवळा झालेला बघायचाच होता.

शुक्रवारी ड्रायव्हर शर्ट घेऊन गेला. शनिवारी साहेब स्वतः आले, शर्ट काउंटरवर आपटला. "याला धुणं म्हणता? नवाकोरा शर्ट होता हा."

"दिसतंय."

"भरपाई कोण देणार?"

"आम्हीच," मी म्हटलं. "खराब करणाऱ्याने भरायचं. फक्त इथे लिहा, काय बिघडलं आणि कशामुळे."

"कशामुळे ते मला काय माहीत?"

मी सकाळी भरून ठेवलेली बादली उचलून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी आत पाहिलं आणि नाक मुरडलं. "या घाणीत कपडे धुता तुम्ही? लाज नाही वाटत लोकांची?"

"तेच लिहा, साहेब."

ते तावातावाने लिहीत सुटले. 'येथील बोअरिंगच्या दूषित पाण्यामुळे माझ्या शर्टाचे कायमचे नुकसान झाले. हे पाणी कोणत्याही वापरास योग्य नाही.' खाली सही केली. सहीखाली कारखान्याचं नाव आणि हुद्दासुद्धा ठोकला, कोणी न विचारता. आयुष्यभर सह्याच केलेल्या माणसाचा हात तिथे आपोआप जातो. आमची गल्ली त्यांनी कधी पाहिली नव्हती, फक्त तिच्याबद्दलच्या कागदावर सही केली होती.

मी खणातून त्यांचं उत्तर काढलं आणि वहीशेजारी ठेवलं. दोन सह्या, एकच वळण.

त्यांनी उत्तर वाचलं, मग वहीचं पान. मग पानावर झडप घालून ते टरकावलं.

"ते तुमचंच," मी म्हटलं. "वरची प्रत गिऱ्हाइकाची असते. आमची कार्बनखाली."

वही मी एव्हाना छातीशी धरली होती. साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "हे बघा ताई, शर्टाचं सोडून द्या. पैसे नकोत मला. एवढ्याशा गोष्टीवरून कशाला वाढवायचं?"

तीन वर्षांत पहिल्यांदा कारखान्यातलं कोणी मला ताई म्हणालं होतं.

"घ्यावे लागतील," मी म्हटलं. "मी खराब केला, मी भरते. माझी आठवड्याची कमाई जाईल, तरी भरते. मग तुमच्याकडे मागायला मला तोंड राहील."

गल्ल्यातले पैसे मी काढेपर्यंत ते गाडीकडे निघाले होते. जाऊबाईंनी नोटा माझ्या हातातून घेतल्या, पदराला हात पुसला आणि भरभर त्यांच्यामागे गेल्या. गाडीच्या खिडकीतून त्यांनी हात आत केला. साहेबांनी नोटांकडे पाहिलं, मग सोललेल्या, लालभडक बोटांकडे, आणि अंग चोरून ते पलीकडच्या दाराला जाऊन चिकटले.

"घ्या की साहेब," जाऊबाई म्हणाल्या. "हात लागला तर काही होत नाही. पाणी योग्य आहे."