सुभेदारांच्या तीन चौकटी

माझ्या सुलाबाईचं बारसं झालं ते साल १९४६. चैत्र संपत आला होता. पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या. तेवढ्यात माझे थोरले दीर, लालासाहेब सुभेदार, मिशीला पीळ देत मधे येऊन उभे राहिले.

"नाव मागनं ठेवा. आदी माजी बातमी ऐका. आमचा मानसिंग परदेशाला चाललाय. साहेबाच्या साळंत."

बारसं माझ्या लेकीचं आणि पेढे वाटले गेले त्यांच्या लेकाच्या नावानं.

मानसिंग दहा वर्षांचा होता. शाळा लंकेत, चहाच्या डोंगरात. मळेवाले इंग्रज, ब्रह्मदेशातून पळून आलेले साहेब, डच, अशा दहा देशांच्या लोकांची पोरं तिथं राहून शिकायची. लढाईत दिरांची पलटण तिकडे होती, तेव्हाच्या कर्नलनं शिफारस दिली. शाळेचं चित्रांचं पुस्तक टपालानं आलं. पांढरी इमारत, तट्टांवर बसलेली पोरं, लांबलचक टेबल आणि काटे-चमचे. सुभेदार ते पुस्तक चावडीत नेत आणि कोणी हात पुढे केला की म्हणत, "हात धुऊन ये रं आदी."

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं आणि मी ते कधी लपवलं नाही. दिरांना इंग्रजी येत नव्हतं आणि ते त्यांनी साऱ्या आष्टा भागापासून लपवलं. पलटणीत शिपायांना हिंदुस्थानी बोली इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकवत. तेवढ्या भांडवलावर हा माणूस इंग्रजी कागद धडाधड वाचायचा. आवाज कागदावरचा, अर्थ पदरचा. गावाला आवाजच पुरत होता. मलाही हे पुढे कळलं.

जाताना जाऊबाईंनी, रंगूआक्कांनी, पोराच्या ट्रंकेत गोधडी घातली. जुन्या लुगड्यांची, दाट टाक्यांची. दीड महिन्यानं तीच गोधडी टपालानं परत आली. शाळेच्या यादीत गोधडी नव्हती म्हणे. यादीत टाय चार होते.

"परत का धाडली वं?" आक्कांनी विचारलं.

"आगं, तितं मखमलीच्या रजया हायती. तुजी चिंदकं कशाला लागत्यात त्येस्नी?"

आषाढात शाळेचं पहिलं पत्र आलं. जाड कागद, वर सिंहाचा ठसा. दिरांनी सोप्यावर उभं राहून ते खणखणीत वाचलं आणि अर्थ सांगितला की मानसिंग वर्गात पहिला आलाय. दुसऱ्या दिवशी सांगलीला जाऊन काचेची चौकट करून आणली. दसऱ्याला दुसरं पत्र आलं. मानसिंग तट्टाच्या शर्यतीत पहिला. दुसरी चौकट. कार्तिकात तिसरं आलं, त्याबरोबर आणखी एक छापील कागद. त्यावर लाल लाखेचा शिक्का आणि तळाला एक मोकळी रेघ.

"ह्यो दाखला," दीर म्हणाले. "असला दाखला लंकेत चार पोरांस्नी मिळतूया." पत्र आणि दाखला एकाच चौकटीत बसवले. तिन्ही चौकटींना रोज झेंडूची माळ. पाहुणा आला की चहाच्या आधी चौकटी.

रंगूआक्का भिंतीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. त्यांनी नवऱ्याला एकदा विचारलं, "त्यात आपल्या मानसिंगचं नाव कुटं हाय?" दिरांनी बोट ठेवलं. तेव्हापासून आक्का दर सोमवारी काचेवर त्याच जागी कुंकवाचं बोट टेकवायच्या. मला म्हणाल्या, "सुटीला येतूया का म्हणून लिवलंय का ग त्यात? ह्यांस्नी इचारलं तर खेकसत्यात. मला दाखला नगं, पोरगं दिसूंदे."

संक्रांतीला सांगलीच्या पेठेतले हळद-गुळाचे व्यापारी वर्धमान आमच्या गुऱ्हाळावर गूळ बघायला आले. मॅट्रिक झालेले, इंग्रजी कागदपत्रांत रोज बुडलेले. घरात तिळगूळ घ्यायला आले आणि दिरांनी सवयीप्रमाणं त्यांना भिंतीपाशी नेलं.

वर्धमान वाचत राहिले. हातातला तिळगूळ हातातच.

"सुभेदार, पोरगं आलं का माघारी?"

"यील की. दाखला बघा, दाखला."

"ह्यो दाखला न्हाई. पोराला खोकला हाय, ताप उतरंना, अन्न जाईना. डाक्तर म्हणतूया, डोंगरातली थंडी सोसणार न्हाई, घरी न्या. आषाढापास्नं हेच लिवल्यालं हाय. आन् ह्यो कागद सहीचा. बापाची सही असल्याबगर साळा पोरगं सोडत न्हाई. त्या रेघंवर सही करून धाडायची व्हती तुमी."

रंगूआक्का उंबऱ्यातून पुढे आल्या. आयुष्यात पहिल्यांदा परपुरुषाशी थेट बोलल्या. "ह्यात मानसिंगचं नाव कुटं हाय, अण्णा?"

वर्धमाननं खालच्या बाजूला बोट दाखवलं. कुंकवाचा डाग वर होता, शाळेच्या पत्त्यावर.

एवढं झाल्यावर कोणत्याही बापानं काच फोडून सही केली असती. हा बाप सुभेदार होता.

"हळद जोकणाऱ्याला साहेबाची भाषा काय कळतीया?" ते ओरडले. "तुमचं बाजारी इंग्रजी. ह्ये उच्च हाय."

"मग दुसऱ्या कुणाला दावा. पर आजच्या आज तार करा. पाया पडतो."

"म्या करीन काय करायचं त्ये!"

माझे मालक नाथाजी भावापुढं कधी तोंड वर न करणारे. ते म्हणाले, "दादा, सही करा. खोटं निगालं तर पोरगं घरी यील, दुसरं काय व्हईल?"

"आन् गाव काय म्हणंल? सुभेदाराला वाचता येत न्हाई?"

हे त्यांच्या तोंडून निघालं आणि सगळ्यांनी ऐकलं. मग ते तिसरी चौकट धोतरात गुंडाळून बेळगावला गेले, आपल्या पलटणीच्या साहेबाकडून वाचून घ्यायला. साहेब दौऱ्यावर होता. तो येईपर्यंत दीर तिथं बसून राहिले. छावणीत कारकून होते, स्टेशनवर मास्तर होता, शहरात वकील होते. पण सुभेदारांना साहेबच हवा होता. नऊ दिवस आक्कांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही आणि त्यांना कोणी घ्या म्हणालंही नाही. आम्हा बायकांना तार कशी करतात हे ठाऊक नव्हतं आणि मालक भावाचा शब्द मोडेनात. त्या नऊ दिवसांचा वाटा आमच्याकडेही येतो.

वर्धमाननं सांगितलं तेच साहेबानंही वाचून दाखवलं. दीर परत आले ते मान खाली घालून. काच फुटलेली, तळाच्या रेघेवर सही. "जा, घेऊन ये," एवढंच म्हणाले आणि कागद नाथाजींच्या हातात दिला. स्वतः गेले नाहीत. त्या शाळेत इंग्रजी बोलावं लागलं असतं.

मालक मिरजेहून गाडीत बसले ते मद्रासवरून, पुढं आगबोटीनं, सहाव्या दिवशी डोंगरात पोचले. शाळेच्या बाईंनी त्यांना खुर्चीसुद्धा दिली नाही. सहीचा कागद पाहिला, नीट घडी करून फायलीत लावला आणि मग तीन बोटं वर केली. तीन पत्रं पाठवली होती. त्यांचं काम संपलं होतं. पोरगं डोळ्यांदेखत झिजत असताना ते लोक सहीची वाट बघत बसले. टापटीप लोक.

मालक ट्रंक घेऊन आले. चार टाय घडी न मोडलेले. वर शाळेचं नवीन पत्र, तसाच सिंह. दिरांनी ते घ्यायला हात पुढे केला. आक्कांनी पत्र ओढून घेतलं, परत आलेल्या गोधडीत ठेवलं आणि गोधडीची गाठ बांधली. उरलेल्या दोन्ही चौकटी त्यांनी स्वतः उतरवल्या. भिंतीवर तीन खिळे राहिले. पुढं कोणी इंग्रजी कागद घेऊन आला की सुभेदार म्हणायचे, चष्मा सापडत न्हाई.

मानसिंग शाळेच्या आजारखोलीत २७ जानेवारी १९४७ रोजी, सोमवारी सकाळी वारला. नाथाजी तिथं पोचायच्या तीन दिवस आधी.