मी सुचवलेल्या दोघी

करोंगाला सरोवराकाठच्या शाळेत मी भौतिकशास्त्र शिकवते. कोळ्यांच्या वस्तीतल्या हुशार पोरांचे विद्यापीठाचे अर्ज नऊ वर्षं मीच भरून देतेय. बहुतेकांना नकारच येतो. म्हणून हारावा नावाचा टायवाला गृहस्थ शाळेत आला, तेव्हा मला देव भेटल्यासारखं झालं.

"परदेशात नर्सिंगची पदवी. राहणं-खाणं आमच्या संस्थेकडे," तो म्हणाला. "गरजू मुली सुचवा, बाई. आईबाप नसलेल्या असतील तर उत्तमच."

शाळा संपवून घरी बसलेल्या दोन पोरक्या मुली, वेझी आणि लुसुंगू, यांची नावं मी दिली, शाळेचं पत्रही दिलं. त्यानं गुणपत्रिका उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. "मागे विचारपूस करणारं कोण आहे?" एवढंच विचारलं. मला वाटलं, माणूस कनवाळू आहे.

वेझी आधी गेली. महिनाभर काही कळलं नाही. लुसुंगू निघायची त्या सकाळी, मी वर्गावर असताना फोनवर वेझीचा निरोप आला. इंग्रजीत. 'कॉलेज छान आहे. लुसुंगूला लवकर पाठवा.'

वेझी मला आमच्या तुंबुका भाषेशिवाय लिहायची नाही, आणि टोमणा मारल्याशिवाय तर नाहीच. मी तुंबुकात विचारलं, 'माझ्याकडे जेवायला आलीस तेव्हा काय करपवलं होतंस गं?' मक्याच्या पिठाची नसिमा इतकी करपली होती, की पातेलं फेकावं लागलं होतं.

उत्तर आलं, 'होय मॅडम, सर्व ठीक.'

हे लिहिणारी वेझी नव्हती. वर्ग तसाच टाकून मी मोटारसायकलवाल्याला गाठलं. "सोंग्वेच्या पुलावर! हाण!"

सरहद्दीवर गाड्यांची रांग होती. त्यात हारावाची पांढरी गाडी दिसली. मागच्या सीटवर लुसुंगू, नवा ड्रेस घालून.

"उतर खाली."

"बाई, दोन वर्षं तुम्हाला माझी कुठे सोय लावता आली नाही," ती फणकारली. "आता होतेय, तर आडव्या येऊ नका."

मी फोन तिच्यापुढे धरला. तिनं निरोप वाचला, पुन्हा वाचला. करपलेल्या नसिमाचं पातेलं तिनंच बाहेर नेलं होतं. ती गाडीतून उतरली.

हारावानं काच खाली केली. आवाजही चढवला नाही. "तुमची मर्जी, बाई. पण त्या पत्रावर सही तुमची आहे, हं."

रांग पुढे सरकली. लुसुंगूचा पासपोर्ट आणि प्रमाणपत्रं त्याच्याचकडे राहिली. मी ओरडत शिपायाकडे धावले. तो येईपर्यंत गाडी पूल ओलांडून गेली होती.

चौकीत अंमलदारानं पहिला प्रश्न मलाच केला, "त्याला मुली कोणी दाखवल्या?" मी खरं ते सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं.

नव्या प्रमाणपत्रांसाठी आम्ही सात महिने खेटे घातले. लुसुंगू आता म्झुझूच्या कॉलेजात नर्सिंग शिकते. वेझीचा फोन त्याच दिवशी बंद झाला. पुढे तिचा काहीच पत्ता लागला नाही.

पुलावरून परतल्यावर मी आधी वेझीच्या मामाकडे गेले होते. तो अंगणात जाळं शिवत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं खाली मान घालून हातातली गाठ पक्की केली.

मग म्हणाला, "अभ्यासात चांगली होती ना हो?"

"पहिली," मी म्हणाले.