तीन टॅबची रांग

काळाचौकीच्या आमच्या चाळीत कुणाचंही कॉम्प्युटरचं काही अडलं की माझं दार वाजतं. दिवसभर परळच्या ऑफिसात स्क्रीनकडे बघून डोळे चुरचुरत असतात, घरी येऊन चप्पल काढते न काढते तोच शेजारच्या जाईबाई उभ्या. "अगो अनुजा, स्क्रीनवरची अक्षरां परत बारीक झाली." कंट्रोल आणि प्लस एकत्र दाबा, मोठी होतील, हे मी त्यांना इतक्यांदा सांगितलंय की आता झोपेतही सांगेन. वैताग येतो, पण तोंडावर दार लावणार कसं?

माझे वडील, तात्या, हे माझे सगळ्यात मेहनती विद्यार्थी. तरुणपणी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन, आणि आता घरी कॉम्प्युटरसमोर. शिकवलेलं सगळं करतात. न शिकवलेलंही करतात, तिथे माझा जीव जातो.

यंदा एक काम चुकून चालणार नव्हतं. गणपतीला गावी जायची तिकिटं. आईचे गुडघे गेलेत, एसटीत रात्रभर पाय दुमडून बसणं तिला जमत नाही. गावी तिची मोठी जाऊ, कमलाबाई, अंथरुणाला खिळलेली. "बकुळा, यंदा येऊन भेट गो, पुढच्या गणपतीक मी असान की नाय," असं तिने फोनवर म्हटल्यापासून आईचं कशातच लक्ष नव्हतं. रेल्वेचं बुकिंग सकाळी आठला उघडतं आणि गणपतीच्या गाड्या कपातला चहा निवायच्या आत भरतात.

आदल्या संध्याकाळी मी तात्यांना बसवून सांगितलं. नको ते टॅब बंद ठेवायचे. मध्येच रिफ्रेश करायचं नाही, बॅकचं बटण दाबायचं नाही. नावं आणि वयं आधीच सेव्ह करायची, म्हणजे आयत्या वेळी टाइप करत बसावं लागत नाही. जयवंत आणि बकुळा, अशी दोन नावं मी सेव्ह केली. तात्या मान डोलवत होते.

सकाळी आंघोळ करून आले तर आठला दोन मिनिटं कमी. साइट उघडलेली, लॉगिन केलेलं. बरं झालं म्हणून मी वर न बघता तशीच बसले. आठ वाजले, गाडी निवडली, नावं टाकली, बटण दाबलं आणि साइटने मला बाहेर काढलं. परत लॉगिन करून आत जाईपर्यंत सगळीकडे वेटिंग.

मग वर बघितलं. तीन टॅब. तिन्हींत तीच साइट, तिन्हींत आमचंच लॉगिन.

"तात्या, हे काय केलंत?"

"नंबर लावून ठेवलंय," ते म्हणाले. "पहाटेपासून."

मला कळायला एक क्षण लागला. दादरच्या तिकीट खिडकीसमोर माणसं रात्रीपासून चपला, पिशव्या, विटा मांडून नंबर लावायची. तात्यांनी जन्मभर तेच केलं होतं.

"इथे रांग नसते हो!" मी ओरडले. "उलट सगळे टॅब एकमेकांच्या पायात येतात!"

आई आतून म्हणाली, "जावंदे गो. व्हिडिओ कॉलार बघीन मी तिका." हे ऐकून मला ओरडल्याची लाज वाटली, पण माफी मागण्याइतकंही त्राण नव्हतं. ऑफिसला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पुढच्या तारखेच्या गाडीचं बुकिंग उघडणार होतं. पोचेपर्यंत गणपती बसलेले असतील, पण कमलाबाई भेटेल. तीही गाडी हुकली असती तर आईचं जाणं संपलं होतं. त्याच संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी कॉम्प्युटरसमोर बसले. ते तीन टॅब तसेच होते. बंद करायची तात्यांना आता भीती वाटत असावी.

"जाणार तुम्ही दोघं. मग तीन कशाला?"

"एक बकुळाचो. एक माझो."

"आणि तिसरा?"

"तुझो," तात्या म्हणाले. "रजा नाय गावली तर सोडून देऊचो. पण नंबर लावलेलो बरो."

मी कित्येक वर्षांत गावी गेलेले नाही. आधी रजा मिळायची नाही, मग मी मागायचीच सोडली. साहेब हो म्हणाले तरी परत आल्यावर दुप्पट काम, त्यापेक्षा नकोच. घरात कुणी याबद्दल बोलत नसे. मला वाटायचं, माझं नाव त्यांनी मनातून कधीच काढून टाकलं असेल. स्क्रीनकडे बघत बसले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तात्या माउसची वायर सरळ करत राहिले.

मी दोन टॅब बंद केले, एक ठेवला. सेव्ह केलेल्या नावांत तिसरं नाव घातलं.

सकाळी आठला आई देवासमोर उभी होती. तात्या माझ्या बाजूला, हात मांडीवर, सांगितल्यासारखे. बटण दाबलं. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, मग थांबलं. तीनही कन्फर्म, आईला खालचा बर्थ. आई कमलाबाईला फोन लावायला गेली.

"आता रांग सोडूची?" तात्यांनी विचारलं.

"सोडा."

त्यांनी माउस धरून सावकाश टॅब बंद केला आणि खुर्ची मला दिली. मी साहेबांना मेल लिहिला. या वेळी रजा मागितली नाही, कळवली.