सात दिवसांचा भाडेकरू

लिफ्टमास्तरांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि चौतीस वर्षांत एक नेम कधी चुकवला नाही. दुरुस्ती झाली की पहिली फेरी आपली. आधी स्वतः तळापासून गच्चीपर्यंत जायचं, परत खाली यायचं, मग लोकांना आत घ्यायचं. एका चौदा मजली इमारतीत म्हणे पहिल्या फेरीला लिफ्ट इतक्या झपाट्याने वर गेली की मास्तरांची टोपी तळमजल्यावरच राहिली. टोपीचं खरंखोटं टोपीला ठाऊक. नेम मात्र सोळा आणे खरा.

निवृत्त झाल्यावर आलेले पैसे आणि बायकोची शिल्लक एकत्र करून त्यांनी आपल्याच डोक्यावरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, भाड्याने द्यायला. घर काकूंच्या नावावर, कारण खटाटोप सगळा काकूंच्या मानेसाठी होता. एकतीस वर्षं त्या शाळेचे गणवेश शिवत होत्या, रोज दुपारी दोन ते संध्याकाळी सात. मान अशी आखडली होती की रस्त्यात कोणी हाक मारली तर काकू अख्ख्या वळत, एखादं कपाट वळावं तशा. डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं, आणखी एक हंगाम शिवलंत तर पुढे नुसते पायच बघत बसाल. म्हणजे हिशेब सरळ होता. भाडं सुरू झालं की मशीन बंद. नाही झालं, तर गणवेशवाल्या शेठची सहाशे नगांची नवी ऑर्डर. शेठला रविवारी पाच वाजता उत्तर हवं होतं.

त्याच रविवारी दुपारी एक नर्स घर बघायला येणार होती. काकूंनी शहाणपणा करून तिच्या आधीच्या मालकिणीला फोन लावला होता. ती बाई फोनवर रडायलाच लागली. "माझं घर विकलं गेलं हो, नाहीतर सोडली नसती तिला! भाडं एक तारखेला, आणि ओटा असा की तोंड बघावं." एवढं ऐकून काकू खूश. मास्तर मात्र सोमवारी सकाळी उशी काखोटीला मारून उभे राहिले.

"कुठे निघालात?"

"वर. सात दिवस राहणार. भाडेकरू म्हणून."

"अहो, रंग दिलाय, नळ बसवलेत, आणखी काय बघायचंय?"

"बाहेरून बघून लिफ्ट कळते का कधी? आत बसावं लागतं. तू मालकीणबाई, मी भाडेकरू. करार कर."

काकूंनी कपाळावर हात मारला, पण करार केला. मास्तरांनीच तो सांगितला, काकूंनी लिहून घेतला. त्यात त्यांनी मोठ्या तोऱ्यात एक कलम घातलं: मालकीणबाई चोवीस तास आधी लेखी कळवल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाहीत. "भाडेकरूच्या घरात वेळी-अवेळी घुसणारा मालक म्हणजे चालत्या लिफ्टचं दार उघडणारा माणूस," ते म्हणाले. दोघांनी सह्या केल्या. भिंती, नळ, खिडक्या, सगळ्यांचे फोटो काढले, तारीख घातली. उशी वर गेली.

पहिल्याच दिवशी घर बोलायला लागलं. न्हाणीघरातला नळ इतका नेमाने ठिबकत होता की मास्तरांनी त्यावर घड्याळ लावून घेतलं. पाण्याचा टँकर खालून गेला की स्वयंपाकघरातली खिडकी आपोआप उघडायची, जणू टँकरवाला तिच्या माहेरचा! मास्तरांनी चिठ्ठी लिहून खाली नेऊन दिली. काकू म्हणाल्या, "आधीच्या भाडेकरूंनी कधी तक्रार केली नाही."

"आधी होतं कोण?"

"म्हणूनच नाही केली."

पण संध्याकाळपर्यंत प्लंबर येऊन गेला.

मंगळवारी न्हाणीघराची कडी बाहेरून पडली आणि मास्तर आत अडकले. ज्या माणसाने अडकलेल्या लिफ्टमधून शेकडो लोक बाहेर काढले, तो बादलीवर बसून स्वतःलाच समजावत होता, "घाबरू नका. हवा भरपूर आहे. मदत येतेय." मग बोंब ठोकली. काकू किल्ली घेऊन धावत वर आल्या आणि घराच्या दाराबाहेरच थांबल्या.

"अगं, आत ये ना!"

"चोवीस तास आधी लेखी कळवायचंय. सही आहे माझी."

"अगं, मी अडकलोय!"

"मग आत्ता कळवते." आणि खरोखरच दाराखालून एक चिठ्ठी सरकली. ती न्हाणीघरापर्यंत पोहोचणार कशी, याचा विचार दोघांनीही केला नव्हता. पाऊण तास दोन्हीकडून वाटाघाटी झाल्या, तेव्हा कुठे काकू आत शिरल्या. त्या दिवशी करारात अर्धी ओळ वाढली: आग, पाणी किंवा अडकलेला माणूस असेल तर कळवण्याची गरज नाही. कडीही नवी बसली.

शनिवारपर्यंत एकोणीस दोष निघाले. सतरा दुरुस्त झाले, दोन राहिले. मास्तर असे फुलले होते की जिना उतरताना पायऱ्या त्यांना पुरत नव्हत्या.

रविवारी दीड वाजता नर्स आली, रात्रपाळी आणि वर जादा पाळी संपवून थेट. डोळे लाल, पिशवी खांद्यावरून घसरलेली. काकू गोड आवाजात म्हणाल्या, "बघ ताई, घर अगदी नवंकोरं."

"नवंकोरं, पण दोन गोष्टी आहेत," मास्तर मध्येच म्हणाले. "सकाळी नऊ वाजता ओट्यापाशी थेट ऊन येतं, पडदा लागेल. आणि बाल्कनीचं दार दमट हवेत फुगतं, खांदा द्यावा लागतो."

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर जागीच वाळला असता. पण नर्स पहिल्यांदा हसली. "परवा एक घर बघितलं. मालक म्हणाला, सगळं फर्स्टक्लास. नळ उघडला तर आतून झुरळ निघालं, तेसुद्धा कोरडं. काका, हे तुम्हाला कसं कळलं?"

"राहून बघितलं ना! सात दिवस!"

"सगळ्या वेळेला?"

"सगळ्या!"

"मग सांगा, दुपारी दोन ते पाच इथे आवाज कसा असतो? माझी झोपायची वेळ ती."

 दुपारी मास्तर इथे होतेच कुठे! रोज बारा वाजता खाली जेवायला जायचे, जेवले की आपल्या जुन्या पलंगावर आडवे व्हायचे, ते थेट पाचला उठून सातपर्यंत फिरायला जायचे. पहिली फेरी त्यांनी केली होती, पण मधले मजले वगळून.  काकूच हळूच म्हणाल्या, "दुपारी खाली माझं मशीन चालतं. बरोबर या खोलीखाली. हातातले कपडे संपायला अजून महिना जाईल."

"महिनाभर झोप नाही म्हणजे माझा हात थरथरणार, काकू, आणि मी लोकांना सुया टोचते. दुसऱ्या घरवाल्याला मला आज पाचपर्यंत सांगायचंय." तिने पिशवी उचलली.

"थांब!" मास्तर ओरडलेच. "न बघता नाही म्हणायचं नाही! ही गादी. पड तू. अगं, तू खाली जा आणि मशीन चालव. पूर्ण जोरात!"

काकू खाली धावल्या. मशीन म्हणजे साधंसुधं नव्हतं, लोखंडी धूड, त्याला मोटर लावलेली. ते सुरू झालं आणि वरची फरशी थरथरू लागली. खिडकीतला पेला चालत चालत कडेपर्यंत आला. मास्तर दाराबाहेर उभे, कपाळावर घाम. संपलं! सात दिवस, एकोणीस दोष, आणि विसावा दोष खुद्द त्यांच्याच घरात! पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, "ताई, कसं वाटतंय?" उत्तर नाही. रागावली असणार. पुन्हा विचारलं. मग आतून एक घोरणं आलं, लहानसं, पण निःसंशय घोरणं.

मास्तर पायऱ्यांवरून घरंगळलेच म्हणा. "झोपली! अगं, झोपली ती!"

"मग थांबवू?"

"खुळी की काय! चालव!"

काकू चालवत राहिल्या. बाह्या संपल्या, कॉलर संपल्या, खिसे संपले, मग चिंध्यांना चिंध्या जोडायला लागल्या. पाचच्या ठोक्याला शेठ दारात हजर, मागे गठ्ठे घेतलेले दोन हमाल. वाऱ्यासारखं धावणारं मशीन बघून शेठचा चेहरा फुलला. "वा काकू! म्हणजे सुरुवातच केलीत! ठेवा रे गठ्ठे."

"थांबा शेठ, भाडेकरीण उठू द्या," काकू ओरडल्या. "ती हो म्हणते की नाही, त्यावर आहे." आणि त्याच क्षणी मानेतून अशी कळ गेली की पाय आपोआप उचलला गेला. मशीन थांबलं.

सगळीकडे शांतता. मास्तरांनी डोळे मिटले.

वर दार वाजलं, जिन्यावर धाडधाड पावलं आली. विस्कटलेल्या केसांची नर्स दारात उभी राहिली. "कोणी बंद केलं? इतकी छान झोप लागली होती! वॉर्डात सतत यंत्रं गुरगुरत असतात हो, मला शांततेतच जाग येते."

"म्हणजे... घर?" मास्तरांचा आवाज फाटला.

"घेतलं! पण उन्हाचं आणि दाराचं करारात लिहायचं. दार तुम्ही तासून द्यायचं, पडदा माझा."

"आणि मशीन महिन्याने बंद होईल ते?"

"तेव्हा मी जुनाट पंखा विकत आणीन, सगळ्यात खडखडणारा."

काकू उठल्या, शेठसमोर उभ्या राहिल्या. "शेठ, गठ्ठे परत न्या. हातातले कपडे पुरे करून देईन. नवं घेणार नाही."

"काकू, दर वाढवतो!"

"नको."

"दीडपट!"

"शेठ, माझी मान वळत नाहीये, नाहीतर नाही म्हणून हलवून दाखवली असती."

मास्तरांनी आनंदाच्या भरात हमालाच्या हातून एक गठ्ठा हिसकावला आणि स्वतःच खाली घेऊन निघाले. काकू त्यांच्या मागून जिना उतरल्या, मोकळ्या हातांनी. रस्त्याच्या दारात येऊन अख्ख्या उजवीकडे वळल्या, अख्ख्या डावीकडे वळल्या. खेळायला निघालेली पोरं, रविवारच्या फेरफटक्याच्या सायकली, फुगेवाला, भाजीच्या गाड्या.

"अहो," त्या मास्तरांची बाही ओढत म्हणाल्या, "पाच वाजता रस्त्यावर एवढी माणसं असतात होय!"