खोगीरभरती

बेसिंगस्टोकच्या मराठी कंपूत ज्ञानेश्वर मिरजकरला एक पदवी होती: खोगीरभरती. ती दिली होती पुरुषोत्तमनं. दोघं एकाच कंपनीत; पुरुषोत्तम टीम लीड, ज्ञानेश्वर टेस्टर. दिवाळीच्या जेवणात, सगळ्यांच्या बायकापोरांसमोर तो म्हणाला, "आमचा ज्ञाना म्हणजे टीममधली खोगीरभरती. असला काय, नसला काय!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं हसला तो ज्ञानेश्वरच. कारण खोगीर खरोखर कसं भरतात हे त्या खोलीत त्याला एकट्यालाच माहीत होतं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून तर तो एवढ्या लांब आला होता.

त्याचे वडील, अण्णा, मिरजेत टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायचे, खोगिरं भरायचे. जातीनं चांभार. सोळा वर्षांचा होईपर्यंत ज्ञानेश्वर त्यांच्या हाताखाली बसला होता. मिरजकर हे आडनाव सोयीचं. गाव सांगतं, बाकीचं गिळून टाकतं. तरी लोक विचारायचेच, चहाच्या कपाआडून, गोड आवाजात, "नक्की कोणते मिरजकर?" तो म्हणायचा, वडिलांचा लेदरचा बिझनेस होता. इंग्रजीत चामड्याचा वास येत नाही.

मग २००६च्या मे महिन्यात टॉफीच्या पाठीला जखम झाली.

टॉफी म्हणजे गावाबाहेरच्या तबेल्यातली चौदा वर्षांची तांबूस घोडी. आठवड्यातले तीन दिवस ती भाड्यानं ईशानीची, ज्ञानेश्वरच्या मुलीची. बारा वर्षांची ईशानी शाळेत तोंड उघडायची नाही. पण टॉफीवर बसली की बडबड थांबायची नाही. जुनं खोगीर टोचून टॉफीची पाठ सोलली होती. पाठ बरी झाली, तशी तबेल्याची मालकीण हेदर म्हणाली, "रविवारी नीट बसणारं खोगीर घेऊन या. नाहीतर मी टॉफी दुसऱ्या मुलीला देते. तिच्याकडे स्वतःचं आहे."

ईशानी रडली नाही. पुन्हा गप्प झाली. ते जास्त वाईट होतं.

नवं खोगीर घ्यायची ऐपत नव्हती. चाऱ्याच्या दुकानातल्या फळ्यावर एक चिठ्ठी होती: जुनं इंग्लिश खोगीर, चांगल्या घरी फुकट द्यायचं आहे. ज्ञानेश्वरची गाडी गॅरेजमध्ये पडलेली, म्हणून शनिवारी सकाळी पुरुषोत्तमला गळ घालावी लागली. तो आला. खवचट होता, पण हाकेला यायचा.

"हे काय, कपड्याचा हँगर?" गाडीत त्यानं विचारलं. ईशानी मागच्या सीटवर होती.

"टॉफीच्या पाठीचं माप. तार वाकवून घेतलंय."

"बसणार पोरगी आणि माप घोडीचं! धन्य आहेस, ज्ञाना."

चिठ्ठी लावणाऱ्या मिसेस व्हिटलॉक पंच्याहत्तरीच्या. नवरा खोगिरांसाठी नावाजलेल्या वॉल्सॉलचा कारागीर, दोन वर्षांपूर्वी गेलेला. मागच्या शेडमध्ये त्याचं वर्कशॉप जसंच्या तसं होतं. आत पाऊल टाकलं आणि ज्ञानेश्वरच्या नाकात मेण, तेल आणि कातड्याचा वास शिरला. तीस वर्षांनी कुणीतरी घरातल्या नावानं हाक मारावी तसं त्याला झालं.

दोन खोगिरं होती. एक काळं, चकचकीत. एक तपकिरी, जुनाट, कडा झिजलेल्या.

"काळं घे," पुरुषोत्तम म्हणाला. "बघ, नवंकोरं वाटतं."

ज्ञानेश्वरनं काळं उचललं, पुढचा उंचवटा पोटाला लावला आणि मागची कड दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढली. आतून कर्र असा आवाज आला आणि खोगीर मधोमध वाकलं.

"सांगाडा मोडलाय," तो म्हणाला.

बाई हसल्या. "ते द्यायचं नाहीच. कोण डोळ्यांनी घेतं आणि कोण हातांनी, ते बघायला ठेवलंय. ते इंडियन आहे, स्वस्तातलं..." मग त्यांना कळलं आपण कुणाशी बोलतोय, आणि त्या कानापर्यंत लाल झाल्या. "सॉरी."

"ऐकलंस? सरळसरळ देशाचा अपमान आहे हा!" पुरुषोत्तम मराठीत फणफणला.

देशाचा अपमान याला लगेच कळतो, ज्ञानेश्वरच्या मनात आलं. तो शिवणीवरून बोट फिरवत होता. "बरोबर बोलतायत त्या. अण्णांनी असली शिवण उसवायला लावली असती."

तपकिरी खोगिराखाली तार धरली. तंतोतंत बसली. मग त्यानं ते उलटं केलं आणि घोड्याच्या पाठीवर टेकणाऱ्या दोन्ही गाद्या तळव्यानं दाबत नेल्या. डावीकडे हात थांबला. आतल्या लोकरीच्या गाठी झाल्या होत्या, सुपारीएवढ्या.

"हो, भरण नव्यानं करायला हवं," बाई म्हणाल्या. "करणारा माणूस आहे. पण तीन आठवडे लागतील."

रविवार तर उद्यावर आला होता. ईशानी बाबाचा हात सोडून दाराकडे गेली.

भिंतीवर आऱ्या टांगल्या होत्या. एक लांब लोखंडी सळई होती, टोकाला खाच असलेली. खाली पोत्यात पांढरी लोकर. ज्ञानेश्वरनं एकदा पुरुषोत्तमकडे पाहिलं, एकदा पोरीच्या पाठीकडे. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"मिसेस व्हिटलॉक, मी भरू का? इथंच?"

बाईंनी त्याचे हात पाहिले. सळई काढून दिली.

हात विसरले नव्हते. त्यानं गादीची फट उघडली, गाठी उपसल्या, लोकर बोटांनी पिंजली. सळईनं चिमूट चिमूट आत सारली, आरीनं बाहेरून सारखी केली. वर्कशॉपमध्ये तेवढाच आवाज.

"अरे, पण तुला हे..." पुरुषोत्तम चाचरला. "म्हणजे तुम्ही लोक..."

"चांभार. तीन वर्षं तुझ्या जिभेवर आहे, आज विचारून टाक. माझा बाप खोगिरं भरायचा. त्यावर माझी फी भरली, त्यावर मी इंजिनियर झालो. आता इथं धर. घट्ट. सोडलंस तर गादी तिरकी होईल."

पुरुषोत्तमनं पुढं येऊन कातडं धरलं. अर्धा तास धरलं. मध्ये एकदा म्हणाला, "फार अवघड काम आहे रे." आणि बऱ्याच वेळानं, खाली बघत, "दिवाळीला मी बोललो ते..."

"धर नीट."

ईशानी केव्हाच परत येऊन टेबलाला टेकली होती. "बाबा, तुला हा कोण शिकवला?" तिनं तिच्या तोडक्या मराठीत विचारलं.

"आजोबांनी."

"मिरजवाला आजोबा? तू मला का नाही सांगितला?"

 लाज वाटायची, हे खरं उत्तर होतं, आणि आता लाजेची लाज वाटत होती.

निघताना बाईंनी सळई खोगिरावर ठेवली. "ही याच्याबरोबरच जाते." तो नको म्हणाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "भिंतीवर गंजेल. माझ्या नवऱ्याला ते आवडलं नसतं." ज्ञानेश्वरला थँक यू म्हणता येईना. त्यानं वाकून नमस्कारच केला. बाई गोंधळल्या, मग त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

रविवारी खोगीर टॉफीवर चढलं. पट्टा आवळताना ती एरवी मान वळवून चावायला यायची. आज कान हलवून उभी राहिली. हेदरनं गादीखाली बोटं घातली, पुढून मागे फिरवली. "कुणी भरलं हे? त्याचा नंबर द्या मला." ईशानीनं बापाकडे बोट दाखवलं आणि रिंगणात शिरताच टॉफीला काहीतरी सांगायला लागली. थांबेचना.

कुंपणाशी उभं राहून ज्ञानेश्वरनं मिरजेला फोन लावला. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "अण्णा, तुमच्यामुळं झालं."

 पलीकडून अण्णा म्हणाले, "डावीकडं जादा भरलं न्हाईस न्हवं? तुझा हात डावीकडं सुटतो, ल्हानपणापास्नं."

त्यानं रिंगणात पाहिलं. ईशानी खोगिरासकट केसभर उजवीकडं कलली होती.

"सुटलाय, अण्णा," तो म्हणाला. डोळे पुसत हसला. "तुम्हीच या. येऊन बघा."