वीस वाजून वीस

मी बोलतोय, पूर्णगडच्या महिपतच्या ओटीवरचं चोवीस तासांचं, लाल आकड्यांचं घड्याळ.

मी घरासाठी घडलो नव्हतो. एका मालवाहू जहाजाच्या जेवणघरात टांगलेला होतो. वीज गेली तरी पोटातल्या बॅटरीवर जळत राहायचं, ही तिथली शिस्त. जहाज भंगारात निघालं, तेव्हा खलाशी महिपतने मला लुंगीत गुंडाळून घरी आणलं.

इथे त्याच्या लेकीने, मनस्वीने, माझा खेळ केला. माझ्यावरचा आकडा म्हणजे साल. त्या साली जगात काय घडलं ते सांगायचं. हरेल त्याने नारळ खवायचा. दुपारी १४:५३ झाले की महिपत ओरडे, "कॉन्स्टँटिनोपल पडलं! तिथनं आमचं जहाज गेलंय गो!" १५:१० ला पोर्तुगीज गोवा घेत. १९:४५ ला महायुद्ध संपे आणि सगुणा, महिपतची बायको, भात वाढायला घेई.

"फ्रेंच राज्यक्रांती तुमच्या घड्याळात कधी येणारच नाय, बाबा," मनस्वी चिडवी. "एकोणनव्वद मिनिटं आणणार कुठनं?"

"तेवढी तू कॉलेजात शीक."

एका आकड्याला मात्र खेळ थांबे. २०:२० व्हायच्या आत महिपत उठून माझ्यावर पंचा टाके. मिनिट सरलं की काढे. 

कारण त्या साली धाकू आला होता. महिपतचा धाकटा भाऊ, मुंबईत कॅन्टीनमध्ये कामाला. रोगाने मुंबई बंद पडली, तेव्हा थोडा ट्रकने, थोडा पायी चालत तो गेटपाशी पोचला.

"दादा, बाहेर पडवीत निजतो. आत नाय येत."

महिपतने मेन स्विच पाडला. सगुणाने मनस्वीच्या तोंडावर हात दाबला. घर रिकामं वाटावं म्हणून तिघं अंधारात बसली. मी तेवढा जळत राहिलो. खिडकीतून माझे आकडे, आणि त्यांच्या लाल उजेडात बसलेली ती तिघं, गेटवरून दिसत होती. धाकूने ते पाहिलं, हाक मारायचं थांबवलं आणि लांज्याची वाट धरली, सासुरवाडीची.

मला विझता आलं नाही, याची लाज वाटते. विझावंसं वाटलं, याची त्याहून जास्त.

यंदा गणपतीत धाकू पहिल्यांदा घरी जेवायला बसला. २०:१९ झाले. महिपत पंचा घेऊन उठला.

"आजपण झाकणार?" मनस्वीचा आवाज चढला. ती आता रत्नागिरीला इतिहास शिकते. "नेपोलियनच्या चुका पाठ आहेत आपल्याला. स्वतःची एक सांगता येत नाय?"

"गप गो! पाव्हणा जेवतोय."

"पाव्हणा?" धाकू भात कालवता कालवता थांबला. "ऱ्हाऊ दे, दादा. मी बघितलंय ते घड्याळ. तेव्हाच."

पंचा हातातच राहिला. माझ्यावर २०:२० उमटले. महिपतने माझ्याकडे पाहिलं; भावाकडे त्याला पाहवेना.

"वीस वीस," तो म्हणाला, खेळात म्हणायचा तसाच. "जगभर दारं बंद झाली. त्यातलं एक मी लावलं. आत बसून."

सगळे धाकूकडे बघत राहिले.

"बरोबर," धाकू म्हणाला. एवढंच. मग खाली मान घालून जेवू लागला.

आता माझ्यावर पंचा पडत नाही. रोज वीस वाजून वीस होतात, रोज महिपतची मान खाली जाते. जाऊ दे. तुमच्याही घरात एखादा आकडा झाकलेला असेल. पंचा काढा. घरात माणसं असताना दिवे घालवू नका; बाहेरच्याला दिसत असतं.